पेशींच्या मधल्या जागेत काय चमकतंय?

हा फ्लास्क बघा, यात प्रयोगासाठी वाढवलेल्या पेशी, म्हणजे कल्चर. मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, गुलाबी, स्वच्छ, तळाला पेशी छान चिकटून वाढतायत, कुणीही म्हणेल कल्चर ठणठणीत आहे. साधे बॅक्टेरिया शिरले असते तर दोन दिवसांत सगळं गढूळ झालं असतं. मायकोप्लाझ्मा हाही बॅक्टेरियाच, पण तो तसं काही दाखवतच नाही. त्याला पेशीभित्तिका नाही म्हणून पेनिसिलिन चालत नाही, आणि अंगानं इतका बारीक अन् लवचिक की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. येतो बऱ्याचदा आपल्याच तोंडातून, हुडसमोर, म्हणजे पेशी हाताळायच्या स्वच्छ कपाटासमोर, बसून गप्पा मारताना, नाहीतर वासराच्या सीरममधून. मानवी पेशींच्या कल्चरमध्ये तो १९५६ सालीच सापडला होता, म्हणजे हे काही नवीन नाही.

आता स्टेनिंग. कव्हरस्लिपवरच्या पेशी मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिडनं फिक्स केल्या, वर होइश्ट डाय टाकला, तो डीएनएला चिकटतो आणि यूव्हीखाली निळा चमकतो. खोलीतला लाइट बंद. हे मोठे निळे गोळे म्हणजे न्यूक्लियस. आणि त्याभोवती रांगोळीचे ठिपके टाकावेत तसं जे दिसतंय ना, तिथंच लोक फसतात. कारण मायटोकॉन्ड्रियाचाही, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचाही, स्वतःचा डीएनए असतो, १६,५६९ बेस पेअर्सचं छोटं वर्तुळ, ३७ जीन्स, आणि तोही न्यूक्लियसच्या बाहेर बारीक ठिपक्यांसारखाच दिसतो, फक्त बराच मंद. मग ओळखायचं कसं? नजर दोन पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत न्या. तिथंही ठिपके आहेत. तिथं मायटोकॉन्ड्रिया कुठून येणार!

ही दुसरी स्लाइड ऱ्हो-झिरो, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए नसलेल्या पेशींची. १९८९ मध्ये कॅलटेकच्या किंग आणि अटार्डी यांनी मानवी पेशींना बरेच दिवस थोडं थोडं इथिडियम ब्रोमाइड देऊन त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए पूर्ण घालवला, अशा पेशींना जगायला युरिडिन आणि पायरुवेट वरून द्यावं लागतं. न्यूक्लियसच्या बाहेर अंधार, असंच दिसायला हवं. याच पेशींत मायकोप्लाझ्मा असेल तर ठिपके परत दिसणार, आणि डीएनए गेलाच नाही असं समजून आपण महिनोन् महिने डोकं फोडत बसणार.

मायकोप्लाझ्मा मारायला डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन बघू म्हणाल, तर ते मायटोकॉन्ड्रियाची प्रोटीन बनवणारी यंत्रणाही अडवतं, म्हणजे जे मोजायचं तेच बिघडतं.

बाकी २०१५ च्या एका पाहणीत तपासलेल्या आरएनए डेटाच्या सुमारे ११ टक्के संचांत मायकोप्लाझ्मा निघाला होता, पेपर छापून झाल्यावर.

म्हणून आधी टेस्ट, दर महिन्याला, आणि मगच मायटोकॉन्ड्रियाचा प्रयोग. हा फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं सगळं मारायच्या यंत्रात, चाललाय, लिक्विड नायट्रोजनमधून नवीन व्हायल काढलीय, तिचीही टेस्ट होईपर्यंत ती वेगळ्या इन्क्युबेटरमध्येच राहील.