सरकत्या दगडधोंड्यांचा वेग

श्रोतेहो, नमस्कार. स्वित्झर्लंडमध्ये कोर्वाच शिखराच्या उतारावर मुर्तेल नावाचा एक रॉक ग्लेशियर आहे. वरून पाहता तो दगडधोंड्यांचा नुसता ढिगारा वाटतो. पण १९८७ साली तेथे खोल छिद्र पाडण्यात आले, तेव्हा दगडांच्या थराखाली बर्फाने गच्च भरलेला, बारमाही गोठलेला भाग आढळला. बर्फ आणि दगडांचे हे मिश्रण स्वतःच्याच भाराने उतारावरून सरकत राहते. मुर्तेलची चाल वर्षाला वीतभराच्या आतबाहेर, तर ऑस्ट्रियातील काही रॉक ग्लेशियर वर्षाकाठी मीटरभर किंवा त्याहूनही अधिक सरकतात. गोठलेली जमीन उबदार होऊ लागली की ही चाल सहसा वाढते, म्हणून ती मोजायची, आणि त्यासाठी उपग्रहावरील रडार कामी येते.

युरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेतील पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये सोडण्यात आला. त्याच्या रडार लहरींची लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर आहे. बारा दिवसांच्या अंतराने जवळजवळ त्याच कक्षेतून घेतलेल्या दोन प्रतिमांतील लहरींच्या कला, म्हणजे लहर आपल्या चढउताराच्या आवर्तनात नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, ताडून पाहिल्या, की मधल्या काळात जमीन उपग्रहाजवळ आली की दूर गेली, हे कळते. लहर जाऊन परत येत असल्याने जमीन पावणेतीन सेंटिमीटर सरकली, तरी कलेचे एक आवर्तन पूर्ण होते. खरी मेख येथेच आहे. रडारला आवर्तनाचा उरलेला अंश दिसतो. पूर्ण आवर्तने किती झाली, ते दिसत नाही. वर्षाला मीटरभर सरकणारा उतार बारा दिवसांत तीन सेंटिमीटरांहून अधिक हलतो आणि हिशेब संदिग्ध होतो. उलट, वर्षाला दहा सेंटिमीटर सरकणारा उतार तेवढ्याच काळात जेमतेम तीन मिलिमीटर हलतो, आणि हवेतील बाष्पामुळे येणारी चूक सहज याहून मोठी असू शकते. अशा वेळी दोन प्रतिमांतील अंतर वाढवावे, तर मध्ये हिमवर्षाव येतो आणि लहरींचा मेळच बिघडतो. म्हणून प्रतिमांच्या कामाच्या जोड्या बहुधा बर्फ वितळल्यानंतरच्या उन्हाळ्यातल्याच निवडाव्या लागतात. माझ्या मते, उपकरणापेक्षा या निवडीतच अभ्यासकाचे कसब अधिक दिसते.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या निसार उपग्रहावरील एल-बँड रडारची लहर सुमारे चोवीस सेंटिमीटरांची असल्याने, वेगवान रॉक ग्लेशियरांसाठी ते अधिक सोयीचे आहे. तरीही एक मर्यादा राहतेच. हे उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण फिरतात आणि बाजूला पाहतात, त्यामुळे थेट उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे होणारे सरकणे त्यांना फारच कमी जाणवते. अशा उतारांवर दगडांवर खुणा करून जीपीएसने केलेली मोजणीच अधिक भरवशाची ठरते.