पांढरा गोळा सापडला? आधी उभा कापा!

नमस्कार मंडळी. पाऊस जरा उघडला की तुमचे फोटो सुरू होतात. आपल्या नाशिकच्या पांडवलेणीचा उतार, अंजनेरीचा पायथा, गंगापूर धरणाजवळचं गवत, गवतात पांढरा गोळा आणि खाली प्रश्न, "दादा, ही कुठली अळंबी?"

हा पफबॉल, म्हणजे गोळ्यासारखी अळंबी. छत्री नाही, बीजाणू (अळंबीचं बारीक बी) पोटात, पिकला की वरून त्यांचाच धूर.

आता मुद्द्याचं. गोळा उभा कापायचा, शेंड्यापासून बुडापर्यंत, बरोबर मधोमध. हा बघा, आतून सगळीकडे एकसारखा पांढरा, पनीरसारखा. हा कोवळा पफबॉल. आणि हा निलगिरीखाली मिळालेला. साल जाड, आत जांभळट काळं. हा स्क्लेरोडर्मा, पफबॉलसारखी दिसणारी दुसरी अळंबी, विषारी.

आडवा का नाही कापायचा? अमानिता ही छत्रीवाली विषारी अळंबी कोवळी असताना अशीच अंड्यासारखी गोल दिसते. उभी कापली तर आत इवलीशी छत्री आणि दांडा रेखलेला दिसतो. आडव्या कापात ते निसटतं. आणि चार गोळे सापडले तर चारही कापा. एक चांगला निघाला म्हणून शेजारचा चांगला, असं नसतं.

एका ताईंची कमेंट आहे, "चांदीचा चमचा घालून शिजवायचं, काळा पडला नाही की खुशाल खायचं." ताई, कळकळीने सांगतो, यावर जीव टांगू नका! अमानिताच्या विषाने चांदी काळी पडत नाही, ते शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब बऱ्याचदा सहा तास उलटल्यावर सुरू होतात, तोवर विष यकृतापर्यंत गेलेलं असतं. म्हणून वरून काढलेल्या फोटोवर "खा" असं मी कुणालाच सांगणार नाही. कापलेल्या गोळ्याचा फोटो पाठवा.

पिकलेला गोळा नाकाशी फोडू नका, मुलांनाही देऊ नका. १९९४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला हे बीजाणू नाकात ओढून ८ तरुण मुलं फुप्फुसाच्या आजाराने आडवी झाली होती.

आणि एका भाऊंनी पाठवलेला तो चांदणीसारख्या अळंबीचा फोटो! काय देखणा आहे! बाहेरची साल पाकळ्यांसारखी फाटलेली, मध्ये पिशवी. अर्थस्टार म्हणतात याला. याचे दोन प्रकार बघा. पिशवीच्या तोंडाशी नीट चोच असेल तर बहुतेक जिॲस्ट्रम. तोंड नुसतंच फाटलेलं असेल आणि पाकळ्या वाळल्यावर मिटून भिजल्यावर उघडत असतील, तर ॲस्ट्रिअस. भाऊ, वाळलेला नमुना वाटीभर पाण्यात टाकून बघा, आणि व्हिडिओ काढून पाठवा.