मोरीत मावणारा एन्लार्जर

श्रोतेहो, नमस्कार.

ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणारी मुलंमुली हल्ली पुन्हा भेटतात. रोल धुणं ओट्यावर जमतं. हात घालायला एक काळी पिशवी, एक टाकी आणि दोन बाटल्या रसायन असलं की भागतं. घोडं अडतं ते पुढे. निगेटिव्ह सुकतात, कापून पाकिटात जातात आणि तिथेच राहतात, कारण कागदावर प्रिंट काढायला एन्लार्जर लागतो, म्हणजे पाटावर उभा खांब आणि त्यावर वरखाली सरकणारं दिवा-भिंगाचं डोकं असलेलं, निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, आणि तो ठेवायला घरात जागा नसते. मग कुणीतरी सुचवतं, जुना, सुटा होणारा, बॅगेत बसणारा एन्लार्जर घे. मीही तसाच घेतला होता. आज त्या निवडीबद्दल बोलतो.

दुकानात जायच्या आधी घरात टेप लावा. आमची मोरी चार बाय सहा फूट. रात्री अकराला सगळ्यांचं आवरलं की ती माझी होते, आणि पहाटे साडेपाचला पाणी यायच्या आत कोरडी करून परत द्यावी लागते. वॉशिंग मशीनवर प्लायची फळी, फळीवर एन्लार्जर, खाली पाटावर रसायनांचे तीन ट्रे. आता उंचीचा हिशेब. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह, ५० मिलिमीटरचं भिंग आणि आठ बाय दहा इंचांचा कागद असेल, तर निगेटिव्हपासून कागदापर्यंत साधारण ५३ सेंटिमीटर अंतर लागतं. त्यावर दिव्याचा डबा धरला की पाऊण मीटर झालं. जी फळी, जो कोपरा तुम्ही ठरवलाय, तिथे डोक्यावर गीझर येतो का, कपडे वाळत घालायची दांडी येते का, हे आधी बघा. आणि ज्या यंत्राचा खांब एवढा उंच जात नाही, त्यावर मोठी प्रिंट होणार नाही. लहान यंत्रांत हे बऱ्याचदा आढळतं आणि घरी आणल्यावरच कळतं.

दुसरी गोष्ट, तुमच्या निगेटिव्ह कोणत्या मापाच्या आहेत? छोट्या एन्लार्जरांपैकी बहुतेक पस्तीस मिलिमीटरपुरतेच असतात. पण आपल्याकडे अनेक घरांत जुन्या डब्यात चौकोनी निगेटिव्ह सापडतात. बडोद्याला बनणारा आगफा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा कितीतरी घरांत होता. १२० नंबरच्या रुंद रोलवर बारा फोटो, प्रत्येक साधारण सहा बाय सहा सेंटिमीटरचा. आजोबांचं धोतर, लग्नातला मांडव, अंगणातली सायकल, सगळं त्यावर. त्या निगेटिव्ह मोठ्या करायच्या तर निगेटिव्ह ठेवायची खाच मोठी हवी, कंडेन्सरची, म्हणजे दिव्याचा उजेड निगेटिव्हवर सारखा टाकणारी भिंगं मोठी हवीत आणि खाली ७५ किंवा ८० मिलिमीटरचं भिंग हवं. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या मेओप्टा कंपनीचा ओपेमस हे काम करतो, त्याच कंपनीचा अ‍ॅक्झोमॅट पस्तीसपुरता. इटलीच्या डर्स्टचंही तसंच: एम ३०१ छोटा, एम ६०१ मोठ्या निगेटिव्हचा. रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने तर एन्लार्जर चक्क सुटकेसमध्ये बसवला. त्याचं नाव यूपीए, आणि खांब उभा राहतो तो त्या पेटीवरच. उचलला, बंद केला, माळ्यावर टाकला. जर्मनीच्या लाइट्झ कंपनीचा फोकोमॅट हे फार देखणं यंत्र, डोकं वरखाली करताना फोकस आपोआप सांभाळतं. पण वजनाने दणकट, रोज मांडायचा-उचलायचा नव्हे.

नावं सांगितली, तरी माझं म्हणणं नावांबद्दल नाही. माझं म्हणणं खांबाबद्दल आहे.

माझा पहिला एन्लार्जर मी जुन्या बाजारातून आणला. भिंग स्वच्छ होतं, दिवा लागत होता, खांब तीन तुकड्यांत सुटत होता आणि मला तेवढंच हवं होतं. पहिली चांगली निगेटिव्ह लावली ती आईची, खिडकीशी बसून तांदूळ निवडतानाची. फोकस दाण्यादाण्यापर्यंत नेला. प्रिंट धुऊन दिव्याखाली धरली, तर चष्म्याच्या काडीला दोन कडा आणि पापण्या नुसता धूर. मी भिंगाला दोष दिला. दुसरं भिंग आणलं, तेही चांगलं, आणि पापण्या तशाच. तीन महिने, शंभर कागदांचा एक अख्खा डबा. मग एका रात्री फोटोच्या कागदाऐवजी साधा पांढरा कागद ठेवला, दिवा चालू ठेवला, आणि भिंगाखालची लाल काच, जी आड असेपर्यंत फोटोच्या कागदावर चित्र उमटत नाही, ती बोटाने बाजूला सारली. खाली आईचा चेहरा थरथरला. एक, दोन, तीन, चार मोजेपर्यंत थरथरत होता. एक्स्पोजर दहा सेकंदांचं, त्यातले चार सेकंद चित्र हलत होतं.

म्हणून सांगतो, विकत घेताना पहिली परीक्षा खांबाची. डोकं वरपर्यंत न्या, स्क्रू आवळा आणि एका बोटाने हलकेच टिचकी मारा. लगेच स्थिर झालं तर ठीक. डुलत राहिलं तर बाकी कितीही चांगलं असो, सोडून द्या. भिंग बदलता येतं. बऱ्याच यंत्रांत ३९ मिलिमीटरचा एकच आटा असतो, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला बसतं. दिवा बदलता येतो, वायर बदलता येते. ढिला खांब मात्र आयुष्यभर ढिला. जे सांधे सुटतात, तेच सैल होतात, हे सुट्या यंत्राचं दुखणं आहे. खांब अखंड राहून फक्त पाटापासून सुटत असेल तर ते यंत्र जास्त चांगलं.

घेऊन बसलाच असाल हलणारा खांब, तर एक युक्ती. लाल काचेला हात लावू नका. काळा पुठ्ठा भिंगाखाली हातात धरा, यंत्राला न टेकवता. दिवा लावा, मनात पाच मोजा आणि मग पुठ्ठा काढा. आईची ती प्रिंट मला शेवटी अशीच मिळाली.

बाजारात जाताना खिशात तीन गोष्टी ठेवा. एक टॉर्च. भिंग काढून मागून प्रकाश टाकला की बुरशी दिसते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कोकणात, मुंबईत पावसाळा काढलेल्या भिंगाला ती बऱ्याचदा असते. दुसरी गोष्ट, रोलचं सुरुवातीचं काळं टोक. त्यावर सुईने चारही कोपऱ्यांत आणि मध्ये बारीक ओरखडे काढा. हीच तुमची तपासायची निगेटिव्ह. यंत्रात लावा, मधला ओरखडा धारदार करा आणि कोपरे बघा. एक बाजू धारदार आणि समोरची पुसट असेल, तर डोकं तिरकं बसलंय. ते सरळ करायला स्क्रू आहे का, विचारा. तिसरी, टेप.

दिव्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. या यंत्रांत दुधी काचेचा ७५ वॉटचा बल्ब असायचा, माथ्यावर काही न छापलेला. आपण घरातला साधा बल्ब लावला की माथ्यावरचं कंपनीचं नाव कंडेन्सरमधून उतरतं आणि आकाशात एक करडा डाग होऊन बसतं. छोट्या डब्यात उष्णताही कोंडते. निगेटिव्ह तापून फुगते आणि फोकस सुटतो. दुधी गोळ्याचा एलईडी थंड राहतो, मी तोच वापरतो, पण आधी अंधारात बघा. काही एलईडी बंद केल्यावरही मंद उजळत राहतात, आणि कागदाला तेवढं पुरतं. अमेरिकेतून कुणी एन्लार्जर आणून दिला तर तो ११० ते १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० ला सरळ लावू नका.

आणि वायर. ही सूचना कृपा करून मनावर घ्या. जुन्या यंत्राची रबरी वायर वाकवली की भुगा पडतो, प्लग दोन पिनांचा असतो, अंग पत्र्याचं असतं, आणि आपण ते नेऊन ठेवतो ओल्या मोरीत. इलेक्ट्रिशियनकडून तीन तारांची नवी वायर आणि अर्थिंग करून घ्या, तोवर दिवा लावू नका. एन्लार्जर एका बाजूला, ट्रे दुसऱ्या बाजूला, मध्ये हात पुसायला पंचा.

फिल्टरची जागाही बघून ठेवा. पूर्वी कागद नंबराने यायचा, कमी कॉन्ट्रास्टचा वेगळा डबा, जास्तीचा वेगळा. आता बहुतेक मल्टिग्रेड कागद मिळतो आणि कॉन्ट्रास्ट रंगीत फिल्टरने ठरतो. दिव्याच्या डब्यात फिल्टरचा खण असेल तर उत्तम, कारण तिथल्या फिल्टरवरचा ओरखडा चित्रात उतरत नाही. नसेल तर भिंगाखाली धरायचे फिल्टर मिळतात, ते स्वच्छ ठेवावे लागतात एवढंच.

आता त्या चौकोनी निगेटिव्हचं काय, असं कुणी विचारेल. माझ्याकडे यंत्र पस्तीसचं आणि आजीची क्लिक थ्रीवरची निगेटिव्ह, दारातल्या तुळशीपाशी उभी असलेली. मी ती मोठी केलीच नाही. निगेटिव्हचा धारक रिकामा ठेवून एन्लार्जरचा नुसता उजेड वापरला. कागदावर निगेटिव्ह ठेवली, वर फोटोफ्रेमची काच दाबली, भिंगाचं छिद्र लहान केलं आणि चार सेकंद दिवा लावला. ट्रेमध्ये अर्ध्या मिनिटात आधी तुळशीचं वृंदावन आलं, मग नऊवारीचे काठ, मग आजी. साडेपाच सेंटिमीटरची प्रिंट, तळहातावर मावते. जवळ नेऊन बघितलं की वृंदावनावर खडूने काढलेली स्वस्तिकसुद्धा दिसते.