निरोप सात नंबरचाच कशावरून?

नवी मुंबईत, तुर्भ्याच्या एका शीतगृहात, गोठवलेल्या मटाराच्या खोक्यांच्या थप्प्यांमध्ये काडेपेटीएवढे सेन्सर बसवलेले आहेत. ते तापमान मोजतात आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून दाराबाहेरच्या गेटवेला, म्हणजे निरोप गोळा करणाऱ्या यंत्राला, कळवतात. ‘सेन्सर सात, उणे १८ अंश’ असा निरोप आला, की तशी नोंद होते. पण तो सात नंबरनेच पाठवला कशावरून? निरोपासोबत येणारा ४८ बिटांचा पत्ता सॉफ्टवेअरमधून सहज बदलता येतो, आणि गुप्त किल्ली चोरीला गेली असेल, तर एन्क्रिप्शनही तोतयाला अडवू शकत नाही.

तोतयाला सहजी उचलता येत नाहीत, ते यंत्राचे दोष. एकाच खोक्यातून निघालेल्या दोन सेन्सरांतले, लहरींची वारंवारता ठरवणारे क्वार्ट्झचे स्फटिकही तंतोतंत सारख्या गतीने कंप पावत नाहीत. दहा लाखांत एका भागाचा फरक असला, तरी २.४ गिगाहर्ट्झवर तो २,४०० हर्ट्झ भरतो. लहर जोरकस करणारा अँप्लिफायरही तिला आपापल्या परीने किंचित वाकवतो. अशा हजारो लहरींचे कच्चे नमुने दाखवले, की न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणक-प्रोग्राम, त्यांच्या खोडींवरून यंत्र ओळखायला शिकते. न्यूरल नेटवर्क न वापरताही २००८ साली ‘पॅराडिस’ या पद्धतीने एकाच बनावटीची १३० हून अधिक वाय-फाय कार्डे ९९ टक्क्यांहून जास्त अचूकतेने ओळखली होती.

तरीही एवढ्या आकड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. लहर पत्र्याच्या भिंतींवर आणि लोखंडी मांडण्यांवर आपटत गेटवेपाशी पोहोचते, त्यामुळे नेटवर्क पुष्कळदा सेन्सरऐवजी खोलीच पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी खोकी हलली, की चुकू लागते. म्हणून शिकवण्याचे नमुने एका दिवसाचे आणि परीक्षेचे दुसऱ्या दिवसाचे असलेच पाहिजेत.

इथे थंडीचाही प्रश्न आहे. स्फटिकाची गती तापमानाबरोबर सरकते, त्यामुळे टेबलावर ३० अंशांत घेतलेला खोडींचा ठसा उणे १८ अंशांत जुळत नाही. प्रत्येक सेन्सरची ही सरक आधीच मोजून ठेवली, तर मात्र हीच अडचण उपयोगी पडते. निरोप ‘उणे १८’ म्हणत असेल आणि स्फटिकाची गती उबदार जागेतली असेल, तर गेटवेने नोंद रोखून धरावी आणि रात्रपाळीच्या माणसाला आत जाऊन पाहायला सांगावे.