टोकियोतला शेवटचा दिवस, रस्त्यावरच्या गाड्यांसोबत

(दृश्य: सकाळ. यानाका भागातली गल्ली. कॅमेरा जमिनीलगत.)

या पिवळ्या नंबर प्लेटकडे आधी बघा. पिवळ्यावर काळे आकडे, वरच्या ओळीत नोंदणीच्या विभागाचं नाव, डावीकडे एकच जपानी अक्षर. टोकियोत आल्यापासून ही प्लेट सारखी समोर होती, पण तेव्हा नजर देवळांच्या छपरांवर आणि चौकातल्या दिव्यांवर होती. आज शेवटचा दिवस. खोली सोडून झाली आहे, बॅगा हॉटेलच्या काउंटरमागे आहेत, विमान रात्रीचं आहे. मधल्या तासांत बघायचं म्हणून काही उरलेलं नाही. गाड्यांचं वेड असलेल्या माणसानं असा दिवस दुकानांत घालवू नये. सरळ रस्त्यावर येऊन उभं राहावं.

यानाका हा टोकियोचा जुना भाग. लहान लहान देवळं, मोठी दफनभूमी, लाकडी घरं, आणि दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकानं थांबावं लागेल अशा गल्ल्या. त्यातल्या एका गल्लीत हा छोटा ट्रक रिव्हर्समध्ये येतोय. दोन्ही बाजूंना भिंती, आरसे आणि भिंतीमध्ये वीतभर जागा. चालक मान वळवून एकदाच मागे बघतो, आणि एका दमात ट्रक दुकानाच्या दाराशी लावतो. खाली उतरून हौद्याचा फाळका पाडतो. बाजूचे फाळकेही पडतात, म्हणजे माल तिन्ही बाजूंनी काढता येतो. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये कोबी आणि मुळे. हौद्यात रबराची चटई, कोपऱ्यात नीट गुंडाळलेली दोरी. ट्रकवर ओरखडे आहेत, पण धूळ नाही.

हा केई ट्रक. ‘केई’ हा जपानमधला सगळ्यात लहान गाड्यांचा वर्ग, ती पिवळी प्लेट याच वर्गाची, आणि त्याचं माप कायद्यानं ठरलेलं आहे. लांबी ३.४ मीटरपर्यंत, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर, इंजिन ६६० सीसी. हौद्यात ३५० किलो माल. यापेक्षा एक बोट जास्त झालं की गाडी या वर्गाबाहेर जाते. हा वर्ग १९४९ मध्ये सुरू झाला, तेव्हा युद्धानंतरच्या जपानमध्ये साध्या माणसाला मोटार परवडत नव्हती. १९५५ मध्ये इंजिनाची मर्यादा ३६० सीसी झाली, १९७६ मध्ये ५५०, १९९० मध्ये ६६०. आजचं लांबी-रुंदीचं माप १९९८ पासूनचं. इतक्या वर्षांत देश श्रीमंत झाला, तरी केई गाड्या गेल्या नाहीत. आजही जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गाड्या याच असतात.

कारण सरळ आहे: कर आणि जागा. खासगी केई मोटारीचा वर्षाचा कर १०,८०० येन. त्याच्या वरच्या वर्गात, एक हजार सीसीच्या आतल्या नव्या गाडीला २५,००० येन. आणि जागेचं म्हणाल, तर ही गल्लीच बघा. रात्रभर रस्त्यावर लावलेली एकही गाडी इथे दिसणार नाही. १९६२ च्या कायद्यानं जपानमध्ये गाडी लावायला स्वतःची जागा असावी लागते. ती घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी, आणि तसं पोलिसांकडून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय साधी मोटार नोंदवता येत नाही. टोकियोत केई गाडीच्या मालकालाही आपली जागा पोलिसांना कळवावी लागते.

(दृश्य: घराच्या पोटात लावलेली होंडा एन-बॉक्स.)

म्हणून हे दृश्य दिसतं. होंडा एन-बॉक्स, हीही केईच, देशातल्या सर्वाधिक खपाच्या गाड्यांपैकी एक. घराच्या तळमजल्याचा एक कोपरा कापून केलेल्या खणात ती उभी आहे. डावीकडे भिंतीपर्यंत तळहात जेमतेम जाईल. आतल्या माणसांना आधी रस्त्यावर उतरवायचं आणि मग गाडी आत घ्यायची, हा इथला रोजचा क्रम. तोंड नेहमी रस्त्याकडे, म्हणजे सकाळी निघताना खोळंबा नको. रुंदी वाढवता येत नाही म्हणून या गाडीनं सगळी जागा उंचीत घेतली आहे. बाहेरून चौकोनी डबा, पण आत मूल उभं राहून कपडे बदलू शकेल इतकी उंची. मला ही गाडी सुंदर वाटते. तिच्या अंगावर एकही रेघ फुकटची नाही.

आता थोडी युक्ती सांगतो. सगळ्याच केई गाड्यांची प्लेट पिवळी नसते. २०१९ च्या रग्बी विश्वचषकाच्या आणि टोकियो ऑलिंपिकच्या निमित्तानं मोठ्या गाड्यांसारख्या खास पांढऱ्या प्लेट निघाल्या, नंतर फुलांचं चित्र असलेलीही आली. पिवळा रंग नको असलेल्या केई मालकांनी त्या आवडीनं घेतल्या. मग ओळखायचं कसं? गाडीच्या मागे जा. मोठ्या गाडीच्या मागच्या प्लेटला डाव्या स्क्रूवर ॲल्युमिनियमची छोटी टोपी बसवलेली असते. ते सरकारी सील. ते फोडल्याशिवाय प्लेट काढता येत नाही. केई गाडीला ते नसतं. पांढरी प्लेट आणि उघडा स्क्रू दिसला की समजायचं, ही केईच. प्लेटवरच्या एकट्या अक्षराकडेही लक्ष ठेवा. तिथे ‘वा’ असेल तर गाडी भाड्यानं घेतलेली. हिरवी प्लेट आणि पांढरे आकडे म्हणजे टॅक्सी, बस, मालवाहू ट्रक. काळी प्लेट आणि पिवळे आकडे म्हणजे धंद्याला लावलेली केई, बहुतेक वेळा पार्सलची व्हॅन. आणि बॉनेटवर हिरवं-पिवळं पान चिकटवलेलं दिसलं, तर चालकाला लायसन्स मिळून वर्षही झालेलं नाही. मागचे सगळे त्याला सांभाळून घेतात.

(दृश्य: मारुनोउची. टोकियो स्टेशनची विटांची इमारत. रुंद रस्ता.)

दुपारी मारुनोउची. १९१४ ची स्टेशनची इमारत, समोर रुंद रस्ता, बँका आणि कंपन्यांची मुख्यालयं. इथे मी एका गाडीसाठी आलो आहे, आणि ती फार वाट बघायला लावत नाही.

टोयोटा सेंच्युरी. साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ चा. स्वयंचलित माग बनवणारा हा माणूस, टोयोटा समूहाचा मूळ पुरुष. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६७ मध्ये, ही गाडी पहिल्यांदा आली. समोर उभी आहे ती दुसरी पिढी, १९९७ ते २०१७ मधली. हिच्या बॉनेटखाली पाच लिटरचं व्ही-१२ इंजिन आहे. बारा सिलिंडरचं असं इंजिन घेऊन कारखान्यातून बाहेर पडलेली ही जपानची एकमेव प्रवासी मोटार. आणि त्याचा बाहेर कुठे उल्लेखही नाही. समोरच्या जाळीवर टोयोटाचं चिन्हसुद्धा नाही. तिथे आहे हौओ, पूर्वेकडच्या कथांमधला पक्षी.

जरा जवळून बघू. मागच्या काचांना पांढरे लेसचे पडदे. सीटवर कातडं नाही, लोकरीचं कापड आहे. बसता-उठता त्याचा आवाज होत नाही. आणि काळा रंग असा, की त्यात समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता याव्यात. चालक पांढरे हातमोजे घालून उभा आहे. हातात लांब दांड्याचा पिसांचा झाडू. तो गाडी पुसत नाही, तिच्यावरून झाडू फक्त फिरवतो. आधी टप, मग बॉनेट, मग डिकी. एक फेरी झाली की एक पाऊल मागे सरकून बघतो, आणि पुन्हा एका जागी अलगद फिरवतो. साहेब अजून आलेले नाहीत. येतील तेव्हा गाडीवर धुळीचा कण नसेल. मी जगातल्या महागड्या गाड्या पाहिल्या आहेत. इतक्या मनापासून सांभाळलेली फारच कमी वेळा दिसली.

तिच्या मागे टॅक्सी येऊन थांबते. उंच टपाची, गडद निळ्या रंगाची. ही २०१७ मध्ये आलेली जपान टॅक्सी. गॅस आणि विजेवर चालते, दार सरकतं, आणि ते चालकच उघडतो. तुम्ही हात लावायचा नाही. आरसे बघा कुठे आहेत: दारावर नाहीत, पार पुढे बॉनेटच्या कडेला. १९८३ पर्यंत जपानमध्ये नव्या गाड्यांना दारावर आरसे लावायला परवानगीच नव्हती. ती मिळाल्यावर बाकीच्यांनी आरसे मागे आणले, टॅक्सीनं मात्र पुढेच ठेवले. मान न वळवता दोन्ही बाजू दिसतात, आणि चिंचोळ्या रस्त्यात गाडीची रुंदीही वाढत नाही.

स्टेशनच्या दक्षिणेला, शिंबाशीकडे जाताना, इमारतींच्या मधोमध एक बिनखिडक्यांचा मनोरा दिसतो. तो गाड्यांचा आहे. गाडी खालच्या गोल तबकडीवर येते, माणूस उतरतो, दार बंद होतं, आणि गाडी एकटीच वर जाते. दाराशी पाटी आहे: उंची १,५५० मिलिमीटर. जुन्या यांत्रिक पार्किंगमध्ये हीच मर्यादा जागोजागी दिसते, आणि इथल्या कितीतरी गाड्यांची उंची या एका आकड्याच्या आत राहील अशीच आखली गेली आहे.

(दृश्य: आओयामाच्या मागच्या गल्ल्या. झाडांच्या सावल्या.)

ओमोतेसांदो आणि आओयामा. इथे फेरारी दिसतात, लॅम्बोर्गिनी दिसतात. त्या दुबईत दिसतात, लंडनमध्येही दिसतात. त्यांच्यासाठी आज मी थांबत नाही.

मी थांबतो ते हिच्यासाठी. निस्सान फिगारो, १९९१. फिकट हिरवा रंग, पांढरा टप, क्रोमच्या कडा. बघून वाटतं पन्नासच्या दशकातली असेल, पण खाली निस्सान मार्चचा सांगाडा आहे आणि ९८७ सीसीचं टर्बो इंजिन. रंग चारच होते, एकेका ऋतूचा एक. हा हिरवा वसंताचा. वीस हजार गाड्या काढल्या, मागणी इतकी आली की त्या सोडत काढून विकाव्या लागल्या. पुढे पुष्कळशा ब्रिटनला गेल्या. त्यामुळे जन्मगावी ती अशी अचानक समोर येणं ही मोठीच भेट आहे. छपराचं कापड मागे गुंडाळलेलं, आत हस्तिदंती रंगाच्या सीट, डॅशबोर्डवरच्या बटणांनाही क्रोमची कड. मागच्या सीटवर पिठाच्या दुकानाची पिशवी आणि एक छत्री. म्हणजे गाडी रोजच्या वापरातली.

आणि हे सोपं नाही. दोन वर्षांनी एकदा इथे गाडीची सक्तीची तपासणी असते, ‘शाकेन’. ती स्वस्त नसते. त्यात पेट्रोलची गाडी तेरा वर्षांहून जुनी झाली की वर्षाचा कर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. या फिगारोच्या मालकाला वर्षाला ३३,९०० येन पडतात, नव्या एन-बॉक्सच्या तिपटीहून जास्त. इथले सगळे नियम माणसाला एकच सांगतात: लहान घे, नवी घे. म्हणून टोकियोच्या रस्त्यावर तीस वर्षांची गाडी दिसली, की ती केवळ टिकून राहिलेली नसते. कुणीतरी ती दरवर्षी नव्यानं पदरमोड करून ठेवलेली असते. सकाळपासून बघितलेल्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे.

(दृश्य: संध्याकाळ. विमानतळाच्या बसची खिडकी. समुद्राकाठचा वांगान महामार्ग.)

हानेदाला जाणारी बस समुद्राकाठच्या महामार्गावर येते. एका बाजूला बंदराचे क्रेन, दुसरीकडे गोदामं. उजव्या लेनमधून काहीतरी करडं, बुटकं, रुंद पुढे सरकतं. मागे चार गोल दिवे.

निस्सान स्कायलाइन जीटी-आर, आर-३२. १९८९ ते १९९४. २,५६८ सीसी, सहा सिलिंडर, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद. कागदावर २८० अश्वशक्ती, कारण त्या काळात जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून तीच मर्यादा घातली होती. ती २००४ मध्ये उठली. १९९० ते १९९३ मध्ये जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत हिनं २९ शर्यतींत भाग घेतला आणि २९ जिंकल्या. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुन्या गाड्यांवरची आयातबंदी सुटते. तसं झाल्यावर जपानमधल्या कितीतरी जीटी-आर जहाजात चढल्या. ही मात्र अजून इथे आहे. नंबर नीट दिसतोय: आधी दोन टिंबं, मग ३२. इथे अर्ज करून हवा तो नंबर घेता येतो. या मालकाचा करही आपल्याला सांगता येतो: वर्षाला ५८,६०० येन. बसमध्ये मी खिडकीला नाक लावून बसलो आहे, आणि पलीकडच्या सीटवरचा मुलगाही.

हानेदा, टर्मिनल ३. निर्गमनाच्या दारासमोर टोयोटा अल्फार्डची रांग लागली आहे, काळ्या आणि पांढऱ्या. साहेब लोक हल्ली सेडानपेक्षा हिच्यातच बसणं पसंत करतात: दार सरकतं, न वाकता उतरता येतं, बॅगा सगळ्या मावतात. शेवटच्या अल्फार्डमागे एक जुनी क्राउन कम्फर्ट टॅक्सी येतेय. या मॉडेलचं उत्पादन २०१७ मध्येच थांबलं, रस्त्यावर आता थोड्याच उरल्या आहेत. चेक-इनला अजून वेळ आहे. बॅगा बाजूला ठेवतो. ही क्राउन आधी नीट टिपून घेऊ.