क्लब आधी की ट्रक आधी?

नमस्कार राजेहो! नागपुरात राहून ज्यानं लग्नाचं धुमाल, म्हणजे गाडीवरून वाजत जाणारा ताफा, पाहिलं नाही, असा माणूस मला आणून दाखवा. गाडीवर रचलेले साउंड बॉक्स, डोळे दिपवणारी लायटिंग, की-बोर्डवाला, आणि त्याच्या शेजारी हे.

(टेबलावरच्या ऑक्टापॅडवर दोन ठोके.)

ऑक्टापॅड. आठ रबरी चौकोन. एकावर काडी मारली की ढोल, दुसऱ्यावर टाळी, तिसऱ्यावर काच फुटल्याचा आवाज. हे पहिल्यांदा जपानच्या रोलँड कंपनीनं १९८५ मध्ये आणलं. रोलँड हे नाव ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडे एक समज पक्का आहे: खरं डान्स म्युझिक क्लबमधलं, आणि रस्त्यावर वाजतं ती त्याची गावठी नक्कल. इतिहास काढून बघितला तर गोष्ट नेमकी उलटी निघते.

१९५० च्या दशकातलं जमैका. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत बँड बोलावणं परवडायचं नाही. मग काही जण रेकॉर्ड, अँप्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर घेऊन उघड्यावरच नाच भरवायचे. ही साउंड सिस्टिम. दोन सिस्टिमवाले एकमेकांना भिडले की कोणाचा आवाज भारी यावर चुरस. मिरवणुकीत दोन डीजे समोरासमोर आल्यावर काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगू!

याच किंग्स्टनमधला एक पोरगा १९६७ मध्ये न्यूयॉर्कला गेला. पुढं तो डीजे कूल हर्क झाला. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या एका रहिवासी इमारतीच्या हॉलमध्ये त्याच्या बहिणीनं पार्टी ठेवली होती, गाणी लावायला हा. त्यानं एक गोष्ट हेरली होती: गायक थांबतो आणि नुसता ड्रम उरतो, तेव्हा लोक सगळ्यात जास्त नाचतात. पण तो तुकडा असतो काही सेकंदांचा. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपेस्तोवर दुसरी मागं फिरवून तयार. ठेका तुटतच नाही. हिप-हॉपची सुरुवात तिथून मानतात.

शिकागोत १९७७ मध्ये द वेअरहाउस नावाचा क्लब निघाला. तिथं फ्रँकी नकल्स गाणी लावायचा, आणि नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण, ज्यांना बाकीच्या शहरात फारसं कोणी उभं करत नव्हतं. १२ जुलै १९७९ ला त्याच शहरातल्या बेसबॉल स्टेडियमवर डिस्कोला विरोध म्हणून डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटकं लावून उडवला गेला. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढले. पण नाचणारे थोडेच घरी बसणार? पोरांनी स्वतःच मशिनवर गाणी बनवली, आणि मशिन कोणाची? रोलँडची.

१९८० ची ८०८ ही ड्रम मशिन, तिचा ड्रम खऱ्या ड्रमसारखा वाजत नव्हता. १९८१ ची ३०३ तर त्याहून फसलेली. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची, म्हणजे खालच्या जाड सुरांची, साथ मिळावी म्हणून काढली, आणि आवाज असा की बेस म्हणायची हिंमत होत नाही. १९८४ पर्यंत दोन्ही बंद. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळायला लागल्या, म्हणूनच त्या पोरांच्या हाती आल्या. फ्यूचर या शिकागोच्या त्रिकुटानं ३०३ ची बटणं फिरवत तो चिरकणारा, पिळवटल्यासारखा आवाज काढला, १९८७ मध्ये रेकॉर्ड निघाली आणि अ‍ॅसिड हाउस हा डान्स म्युझिकचा नवा प्रकार जन्माला आला.

आता गंमत ऐका. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी याच दोन मशिनच्या साथीनं डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून ठेवले होते! सिनेमाच्या गाण्यांत साथ करणारा हा वादक. रेकॉर्ड तेव्हा कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे डीजे चाट पडले.

रस्त्याच्या बाजूनं इतकं बोललो, पण एका बाबतीत मी क्लबवाल्यांच्या बाजूचा आहे. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराज या क्लबमध्ये लॅरी लेव्हन हा डीजे स्पीकर स्वतः लावायचा, जागा बदलून बदलून ऐकायचा. आपल्याकडे निस्तं व्हॉल्यूम वर. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा, आणि आपली गाडी गल्लीत शिरली की खिडक्यांच्या काचा थरथरतात. बाप्पा, बेस छातीत बसला पाहिजे हे मान्य, पण की-बोर्डवाला काय वाजवतो तेही ऐकू येऊ द्या ना!

धुमालवर पॅड वाजवणारं कोणी बघत असेल तर सांगा: एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ठेका न तोडता हात कसा बदलता? पुढच्या भागात तेच शिकायला मी गाडीवर चढणार आहे.