काचेवर काच

हा जो खरखर आवाज येतोय ना, तो सहा इंची दोन जाड काचांचा आहे, एकावर एक ठेवलेल्या, मध्ये पाणी आणि ८० नंबरचं कार्बोरंडम, म्हणजे काच घासायची जाडीभरडी कडक पावडर. वरची काच पुढे टेलिस्कोपचा आरसा होणार, खालची नुसती घासायला, तिला टूल म्हणतात. वरची ढकलायची, ओढायची, चार-सहा स्ट्रोक झाले की हातातली काच थोडी फिरवायची आणि आपण टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं. बस, एवढंच. तासन्‌तास.

ना साचा ना मशीन, तरी वरची काच मध्ये खोल होत जाते आणि खालची फुगीर, कारण वरची टूलच्या बाहेर लटकते तेव्हा तिच्या मधल्या भागावर टूलच्या कडेचा दाब जास्त पडतो. आता खोल म्हणजे किती, तर १२०० मिलिमीटर फोकल लेंथ (आरशापासून ताऱ्याचा प्रकाश जिथे एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर) हवी असेल तर मध्यभागी जेमतेम १.२ मिलिमीटर! एवढ्यासाठी एवढा घाम.

हातानं घासलं की वेडंवाकडं होणार असं कोणालाही वाटेल, पण होतं उलटं. दोन खोल-फुगीर पृष्ठभाग कसेही सरकवले, कसेही फिरवले आणि तरी सगळीकडून चिकटून बसतात, असं फक्त गोलाच्या बाबतीतच होऊ शकतं, त्यामुळे जिथे उंचवटा तिथे आधी घासलं जातं. कोणाचा हात उजवीकडे जास्त जातो, कोणाचा दाब कमीजास्त, पण सतत फिरत राहिल्यामुळे ह्या सगळ्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. मला तरी ह्या छंदातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

मग १२०, २२०, ४००, असं बारीक बारीक होत जायचं, आणि दर वेळी धुलाई. टेबल, बादली, स्पंज, नखांच्या खाचासुद्धा, कारण ८० नंबरचा एक कण जरी पुढच्या पावडरीत आला तर असा ओरखडा पडतो की गुपचूप मागे जावं लागतं. शेवटी पिच. राळेच्या जातीचं हे चिकट प्रकरण गरम करून टूलवर ओततात, चिक्कीच्या वड्या पाडतात तशा खाचा पाडतात, आणि त्यावर सेरियम ऑक्साइड ह्या पॉलिशच्या पावडरीच्या पाण्यानं पॉलिश. धुरकट काच हळूहळू आरपार दिसायला लागते.

पण खरी परीक्षा इथून पुढे. गोलाचा आता पॅराबोला करायचाय, म्हणजे ताऱ्याचा सगळा प्रकाश एकाच बिंदूत आणणारा आकार, आणि ह्या आरशात दोघांतला फरक किती, तर मध्यावर जुळवून धरले तर कडेला साधारण ०.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). हे मोजायचं कशानं? एका ब्लेडनं! १८५८ साली पॅरिसमध्ये लेऑं फूको ह्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं ही टेस्ट सांगितली. अंधाऱ्या खोलीत आरशापासून २.४ मीटरवर बारीकसा दिवा, परत येणारा प्रकाश जिथे एकत्र येतो तिथे ब्लेडची धार हळूच आत सरकवायची, की काचेवरचे डोंगर-दऱ्या सावलीसकट दिसतात. आता बघा, अंगठा काचेवर जरा वेळ टेकवून काढला, तर तिथे टेकाड उभं राहिलंय, उबेनं काच फुगली म्हणून, आणि थोड्या वेळानं बसेलसुद्धा. त्यामुळे पॉलिश केल्या केल्या टेस्ट करायची नाही, काच गार होऊ द्यायची, आणि उतावळ्या माणसाची इथेच पंचाईत होते.

ही चिकाटी जुनीच. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल इंग्लंडमधल्या बाथ गावात घरीच धातूचे आरसे घासायचा, पॉलिश मध्ये थांबवता येत नाही म्हणून बहीण कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवायची, आणि १७८१ साली असल्याच एका आरशातून त्याला युरेनस दिसला.

पण माझा आवडता माणूस जॉन डॉब्सन. केमिस्ट्री शिकलेला, १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत संन्यासी व्हायला गेला, आणि खिशात दमडी नसताना जहाजाच्या खिडकीच्या भंगारातल्या काचेतून त्यानं १२ इंची आरसा घासून काढला. पुढे मठात हे उद्योग खपेनात, तेव्हा मित्रांना पत्रं सांकेतिक भाषेत जायची: टेलिस्कोप म्हणजे जिरेनियम, नळीत बसवला की कुंडीतला जिरेनियम, आरशाला ॲल्युमिनियम चढलं की फुललेला जिरेनियम. रात्री भिंतीबाहेर जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना आकाश दाखवायचा. १९६७ साली मठातून काढलंच त्याला, मग तो सरळ फुटपाथवर टेलिस्कोप घेऊन उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. त्याचं ते प्लायवूडचं साधं स्टँड आज जगभर डॉब्सोनियन म्हणून चालतं.

आपल्याकडे पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेनं अशा आरसे घासायच्या कार्यशाळा घेतल्यात, आणि ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून आकाशवेड्यांचा अड्डा आहे.

आरसा झाला की ॲल्युमिनियमचं कोटिंग मात्र बाहेरूनच करून आणावं लागतं, त्याला व्हॅक्यूम चेंबर लागतो. काही वर्षांनी ते काळवंडतं, तेव्हा काढून नवीन चढवायचं. काच पुन्हा घासावी लागत नाही.